ऊसवासी बिबट्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. बिबट्या,
मु. पो. ऊस, ता. जुन्नर किंवा आंबेगाव (जिथे असाल तिथे)

विषय : येण्यापूर्वी तोंडी वर्दी देणेबाबत

महोदय,

आपला मुक्काम कुठल्या वाडीला आहे, हे हल्ली आम्हांला मोबाइलवर कळतं. लाल-पिवळं पोस्टर येतं. वर दात विचकलेला आपला फोटो (बहुधा आफ्रिकेतल्या नातेवाइकाचा), खाली गाव, वेळ, काय करावं, काय टाळावं. सगळा मजकूर चित्रातच ओतलेला. डोळस माणूस वाचतो आणि कडी लावतो. ज्याला दिसत नाही त्याचा फोन पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवतो. पण चित्रात अक्षरं नसतातच, रंगाचे ठिपके असतात. मग फोन पाठवणाऱ्याचं नाव सांगतो, वेळ सांगतो, आणि म्हणतो, “फोटो”.

सकाळी ‘शुभ सकाळ’चं गुलाबाचं फूल आलं, तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन निदान बोलते. पण तो नंबरही त्याच चित्रात, तळाला, बारीक टायपात!

तक्रार केली की उत्तर मिळतं, तांत्रिक अडचण आहे. इथल्याच खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओलहरी टिपतात आणि शास्त्रज्ञ त्यांतून आकाशाची चित्रं तयार करतात. न दिसणाऱ्याचं चित्र आमच्या तालुक्यात होतं. चित्राखाली “अमक्या वस्तीजवळ बिबट्या, अंधार पडल्यावर एकट्याने निघू नका” एवढं टाइप करणं मात्र अजून विज्ञानाच्या आवाक्यात आलेलं दिसत नाही.

कायदा आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या निकालाच्या अभिनंदनाचंही कुणीतरी रंगीत पोस्टर केलं असणार.

सबब, माणसांकडून आशा न धरता आपणांस विनंती, की उसातून निघताना एकदा मोठ्याने गुरगुरावं. जमल्यास वस्तीचं नाव घेऊन. रात्रपाळीच्या विजेवर मोटार चालू करायला जाणाऱ्या डोळसांनाही त्याचा उपयोग होईल. त्या काळोखात त्यांना तरी काय दिसतं?

कळावे,
आपला बांधापलीकडचा शेजारी

प्रत माहितीसाठी : माणिकडोहच्या निवारा केंद्रातले आपले बांधव (वाचून दाखवावी)