फुकट वस्तूचा विक्रेता

जगात विक्रेते पुष्कळ आहेत. पण गिऱ्हाईक बसल्या जागी फुकट उतरवून घेऊ शकेल अशी वस्तू दरवर्षी पैसे घेऊन विकणारा एकच: ओपन सोर्सचा सपोर्ट विकणारा. आपल्या दुकानातला माल दुकानाबाहेर मोफत मिळतो, हे तो स्वतःच पहिल्या स्लाइडवर सांगून टाकतो.

हिंजवडी, खराडी, बीकेसी असा त्याचा संचार. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. लॅपटॉप कुठल्या कंपनीचा हे कळू नये इतके स्टिकर: लिनक्सचा पेंग्विन, पोस्टग्रेसचा हत्ती, टॉमकॅटचं मांजर, जेनकिन्सचा बो लावलेला बटलर. अंगात कुठल्याशा परिषदेत मिळालेला टी-शर्ट आणि बँकेत जायचं असेल तर त्यावर ब्लेझर. टी-शर्ट डेव्हलपरांसाठी, ब्लेझर खरेदी खात्यासाठी.

चौथ्या स्लाइडवर घराण्याचा इतिहास येतो. मूळ पुरुष रिचर्ड स्टॉलमन. १९८० च्या दशकात ते ईमॅक्स एडिटरची टेप १५० डॉलरला विकत, आणि घेणाऱ्याने ती गावभर वाटली तरी त्यांची हरकत नसे. मग १९८९ साली मायकेल टीमन, जॉन गिलमोर आणि डेव्हिड हेंकेल-वॉलेस या तिघांनी अमेरिकेत सिग्नस काढली. जीसीसी कंपायलर कुणालाही फुकट होता. पण 'आमच्या नव्या चिपवर तो चालवून द्या, अडलं तर फोन उचला' एवढ्यासाठी कंपन्या पैसे मोजू लागल्या. पुढे सिग्नस रेड हॅटने घेतली आणि २०१९ मध्ये रेड हॅट आयबीएमने, ३४ अब्ज डॉलरला. हा आकडा सांगून झाला की तो पाण्याचा घोट घेतो आणि समोरच्यांना शून्यं मोजायला वेळ देतो.

खरेदी खात्याच्या साहेबांना यातलं काही शिवत नाही.

"म्हणजे सॉफ्टवेअर फुकट?"

"हो सर."

"आणि कोटेशन अठरा लाखांचं?"

"ते सबस्क्रिप्शनचं, सर."

"लायसन्सची किंमत सांगा, कॉलम भरायचाय."

"शून्य, सर."

"शून्य सिस्टिम घेत नाही. एक रुपया लावू?"

शेवटी तो म्हणतो, "सर, वॉटर प्युरिफायरची एएमसी समजा." साहेबांचा चेहरा उजळतो. "मग असं सांगा ना! मशीन फुकट, वर्षातून दोनदा माणूस येणार." माणूस येत नसतो, तो लांबूनच स्क्रीन बघतो, हा खुलासा पीओ हातात पडेपर्यंत होत नाही.

"गूगल केलं की सगळं मिळतं," म्हणणारा एक तरुण प्रत्येक मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीत असतोच. त्याच्याशी हा वाद घालत नाही. उलट पहिला टी-शर्ट त्यालाच देतो. मग मॅनेजरबाईंकडे वळून लायसन्समधलं हमीचं कलम उघडतो. जीपीएल घ्या, एमआयटी घ्या, सार एकच: आहे ते असं आहे, हमी कसलीही नाही, नुकसान झालं तर लेखकाकडे येऊ नका. इतरांनी दडवून ठेवावी अशी गोष्ट इथे चक्क कॅपिटल अक्षरांत छापलेली. ते वाचून झाल्यावर तो हळूच विचारतो, "मॅडम, शनिवारी रात्री पेमेंट बंद पडलं, तर कुणाला फोन लावाल?" खोलीत एसीचा आवाज ऐकू येऊ लागतो. सौदा तिथेच ठरतो. कागदावर यायला फक्त चार महिने लागतात.

आणि शनिवारी रात्री फोन येतोच. तिकीट 'सेव्हरिटी वन'चं. करारात त्याचा अर्थ, प्रॉडक्शन ठप्प. गिऱ्हाइकाच्या हिशेबी मात्र बटणाचा रंग फिका दिसणं हेही सेव्हरिटी वनच. तो म्हणतो, "लॉग पाठवा." लॉगची फाइल येत नाही. येतो तो मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो: मधोमध ट्यूबलाइटची पांढरी पट्टी, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, आणि जावाच्या शंभर ओळींच्या एररमध्ये जिथे खरं कारण दिलेलं असतं ती 'कॉज्ड बाय'ची ओळ नेमकी फोटोबाहेर. तो चिडत नाही. "सर, अजून थोडं खाली," असं लिहितो. दुसरा फोटो येतो. त्यात आणखी थोडं वरचं असतं.

'चूक तुमची आहे' हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघायचं नाही. चूक गिऱ्हाइकाची असेल तर 'एन्व्हायर्नमेंटमध्ये काहीतरी वेगळं दिसतंय'. चूक सॉफ्टवेअरची असेल तर 'नोन इश्यू'. कुणाची ते कळत नसेल तर 'अपस्ट्रीमला कळवलंय', म्हणजे दूर देशी कुणी एक भला माणूस आपली नोकरी, जेवणखाण आटोपून सवडीने बघेल.

त्याची सगळ्यात अवघड शिकवणी ऑडिटरांची. अपाची २.४.६ म्हणजे २०१३ सालचा आकडा; तो दिसला की स्कॅनर लालेलाल. तो समजावतो, "सर, आकडा जुना आहे, आतलं भोक बुजवलंय. नवी दुरुस्ती आम्ही जुन्या आवृत्तीत आणून बसवतो, म्हणजे तुमचं काही मोडत नाही." ऑडिटर मान डोलावतात आणि अहवालात लिहितात, 'आवृत्ती जुनी. तातडीने बदलावी.' पुढच्या वर्षी ऑडिटर बदलतात, शिकवणी पहिल्यापासून सुरू.

डिसेंबर २०२१ मध्ये मात्र या गृहस्थाचे दिवस पालटले. लॉगफोरजे ही जावातली नोंदी लिहिणारी साधी लायब्ररी, अपाचीचे मोजके स्वयंसेवक सांभाळत होते ती. नोंदीत एक खास मजकूर घुसवला की परक्याला सर्व्हरवर आपला कोड चालवता येतो, हे उघड झालं आणि जगभर धावाधाव उडाली. "आमच्याकडे ते वापरतच नाहीत," असं ठणकावणाऱ्यांकडेही ते निघालं. जारच्या आत जार, तिच्या आत आणखी एक जार, आणि तिथे ते बसलेलं. एका महिन्यात २.१५, २.१६, २.१७ आणि २.१७.१ अशा दुरुस्त्या आल्या. एक बसवून चहा घ्यावा तर दुसरी दारात. मागच्या खुर्चीतला तरुण त्या महिन्यात त्याला 'सर' म्हणू लागला.

पण मार्च येतो, रिन्युअल येतं. साहेब विचारतात, "वर्षभरात तिकिटं किती?" सात. "मग एवढे पैसे कशाचे?" काही बिघडलं नाही, याचं बिल कसं मागायचं हे अजून कुठल्याही स्लाइडवर आलेलं नाही. सिस्टिम पडली असती तर 'तुम्ही काय केलंत', पडली नाही तरी 'तुम्ही काय केलंत'. प्रश्न तोच, फक्त सूर वेगळा. दहा टक्के सूट देऊन तो ब्लेझर खांद्यावर टाकतो आणि कॅब बोलावतो.

या जातीत पोटजाती दोन. पहिलीचा माणूस तुमचं तिकीट पुढे ढकलतो आणि पुढून आलेलं उत्तर तुमच्याकडे ढकलतो. दुसरीचा सोर्स उघडून वाचतो, बग शोधतो, दुरुस्ती मूळ प्रकल्पाला पाठवतो, आणि त्याच्या एका पॅचमुळे त्याचं नावही न ऐकलेल्या हजारो लोकांचं काम चालू राहतं. टी-शर्ट दोघांचा सारखाच असल्यामुळे ओळखायची पंचाईत होते. म्हणून यंदा कोटेशन आलं की घासाघीस जरूर करा, पण आधी एवढंच विचारा: गेल्या वर्षी तुमचा कुठला पॅच मूळ प्रकल्पात गेला? नीट उत्तर आलं तर सूट न मागता सही करा. नाही आलं, तर त्याच पैशांत मागच्या खुर्चीतल्या पोराचा पगार वाढवा.