पऱ्हाटी आमची, बारसं शेजाऱ्याचं

पक्षी अमेरिकेतला. इंग्रजांनी तुर्की व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या गिनी कोंबडीशी त्याची गफलत केली आणि त्याला 'टर्की' करून टाकलं. तुर्की माणूस मात्र त्याच पक्ष्याला 'हिंदी' म्हणतो, म्हणजे आळ शेवटी आपल्यावरच! २०२२ साली तुर्कस्तानाने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करून आपलं नाव 'तुर्किये' करून घेतलं. पक्ष्याचा अर्ज अजून आलेला नाही. चीनचं बरं आहे. इंग्रजीत त्याच्या वाट्याला निदान कपबशी आली.

आणि यवतमाळच्या? १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा पुळका आला. लिव्हरपूलच्या बाजारात इकडच्या कापसाला नाव पडलं 'ऊम्रा', उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून. (नावं ठेवणंही चालूच होतं, धागा आखूड म्हणून.) पऱ्हाटी आमची, वेचणी आमची, बारसं शेजाऱ्याच्या नावाने. अर्थात साहेबाला तरी दोष कसा द्यावा? सरकारदरबारी आमचा जिल्हाच १९०५ पर्यंत 'वणी' म्हणून ओळखला जाई. पुढे कापूस मूर्तिजापूरला न्यायला अरुंद रुळांची गाडी आली. तिलाही लोक यवतमाळची म्हणेनात, शकुंतला म्हणू लागले.

आता दत्त चौकात पोरं डेनिम घालून हिंडतात. फ्रान्सच्या नीम शहराचं नाव कमरेला बांधून. बाप तिकडे खरेदी केंद्रावर, हमीभावाच्या रांगेत, ट्रॉलीसकट.