गुरुबळ

आमच्या नेरूळच्या सोसायटीत एक काका आहेत. निवृत्तीनंतर माणसं पाम बीच रोडकडे फिरायला जातात. हे गुरूभोवती फिरायला गेले. तेही लुंगीवर, बेडरूममधल्या संगणकावरून.

५ ऑगस्ट २०११ ला निघालेलं 'नासा'चं ज्युनो यान जुलै २०१६ मध्ये गुरूपाशी पोचलं. त्यावरच्या ज्युनोकॅमचे कच्चे फोटो 'नासा' सगळ्यांसाठी खुले ठेवते. पण कच्चे म्हणजे दात आंबवणारे कच्चे! यान साधारण तीस सेकंदांत स्वतःभोवती एक गिरकी घेतं आणि कॅमेरा त्या गिरकीतच लाल, हिरव्या, निळ्या गाळणीतून पट्ट्यापट्ट्यांनी चित्र टिपतो. पट्ट्या जुळल्या तर गुरू. नाही जुळल्या तर एकाच गुरूला तीन रंगांच्या तीन कडा. "एवढे तुकडे जोडून गोधडी शिवली असती तर पावसाळ्यात पांघरता तरी आली असती," काकू म्हणतात.

फोटो मोजके, काकांना मात्र हवा सिनेमा. मग ते फोटो संगणकातल्या गोळ्यावर गुंडाळतात, यानाचा मार्ग आखतात आणि दोन फोटोंमधली दृश्यं संगणकाकडून काढून घेतात. ज्युनो एका ध्रुवावरून दुसऱ्या ध्रुवाकडे सुमारे दोन तासांत जातं. काका आपल्याला दोन मिनिटांत नेऊन आणतात. त्यासाठी संगणक दोन रात्री धापा टाकतो आणि तेवढा वेळ त्या खोलीत इस्त्री लावायची कुणाची छाती नाही.

७ जून २०२१ ला ज्युनो गॅनिमीड या गुरूच्या चंद्रापासून १,०३८ किलोमीटरवरून गेलं. "म्हणजे अगदी अंगाला घासूनच की हो!" हे काकांनी लिफ्टमध्ये मला चारदा तरी सांगितलंय. हेच काका वाशीला लग्नाला जायचं म्हटलं की मान हलवतात : "रविवार आहे, हार्बरला मेगाब्लॉक. फार लांब पडतं."

काका रात्र-रात्र 'गुरू बघतात' ही बातमी अखेर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या कानी गेली. नातीची पत्रिका पिशवीत घालून त्या थेट बेडरूमच्या दारात.

"गुरुबळ कधी येतंय हो?"

काकांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"सत्तर टक्के आलंय. मध्ये लाइट गेली नाही, तर पहाटेपर्यंत पूर्ण होईल."

आजींनी भक्तिभावाने हात जोडले. काकांना नव्हे, संगणकाला. आणि जाताना खोलीतला पंखासुद्धा बंद करून गेल्या.