तीन सेंटचा प्रायमर

झाडलेल्या काडतुसाचं पितळ तिथंच टाकून घरी जायचं असतं, हे ऐकून मी हळहळलो. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या आणि लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर वाण्याची यादी लिहिणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे झेपत नाही. आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरी नोकरीला लागल्यावर ऑफिसातला एक जण मला हौसेनं नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. बाकीचे निशाण बघत होते, मी जमिनीवरची मोड बघत होतो. ‘‘हे पुन्हा भरता येतं का हो?’’ एवढंच मी विचारलं. ‘‘येतं तर!’’ म्हणून त्यानं तिथंच माझी शिकवणी सुरू केली. या छंदाला रिलोडिंग म्हणतात आणि त्यात पैसे वाचतात, असं तो म्हणाला. पहिलं वाक्य खरं होतं.

बंदूक निवडतानाही मी पितळेचाच विचार केला. पिस्तूल रिकामी केस उडवून लांब फेकतं आणि मग ती गवतात वाकून शोधावी लागते. रिव्हॉल्व्हर आपलं पितळ पोटातच ठेवतं, मोजून काढून घ्यायचं. लोक अचूकतेची, वजनाची, स्वसंरक्षणाची कारणं देतात. मी हे कारण दिलं तेव्हा दुकानदारानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

मग आला प्रेस, आले साचे, ग्रेनमध्ये मोजणारा तराजू, केस घासून लखलखीत करणारं यंत्र आणि त्यात घालायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा. या सगळ्याला किती पैसे पडले ते मी कुठंही लिहून ठेवलेलं नाही. एरवी मी कोथिंबिरीचाही हिशेब लिहितो. एकदा घरी पाहुणे आले असताना हिनं सांगितलं, ‘‘ते गराजमध्ये दारू मोजतायत.’’ पाहुणे आधी हसले आणि मग लगबगीनं गराजकडे निघाले. तिथली दारू बघून त्यांचा झालेला विरस अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

काडतुसाचे भाग चार. पितळी केस, दारू, पुढची गोळी आणि बुडाशी बसवलेला प्रायमर. केस पुन:पुन्हा चालते. गोळ्या तर शिसं वितळवून घरी ओतणारे वीरही आहेत. दारूच्या एका पौंडात 7000 ग्रेन असतात, तेवढ्यात माझ्या .38 स्पेशल रिव्हॉल्व्हरची हजारावर काडतुसं आरामात होतात. प्रायमर मात्र एकदाच वाजतो आणि संपतो, आणि तो घरी करायला कुणी शहाणा माणूस जात नाही. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आठवा. त्या टिकलीचं काम इथं साडेचार मिलिमीटर व्यासाची धातूची वाटी करते. आत चिमटीत न सापडेल एवढा स्फोटक मसाला आणि त्यावर एक चिमुकली ऐरण. मागून पिन आपटली की मसाला ऐरणीवर चिरडतो आणि ठिणगी दारूत शिरते. 2020 च्या टंचाईपूर्वी हजार प्रायमर तीस-पस्तीस डॉलरना मिळत, म्हणजे नगाला जेमतेम तीन सेंट. स्वयंपूर्णतेच्या गप्पा मारणाऱ्या, घरी शिसं ओतणाऱ्या, सरकारवर आणि दुकानदारावर विश्वास नसलेल्या अख्ख्या जमातीची शेंडी या तीन सेंटच्या वाटीत अडकलेली आहे, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

(जाता जाता सांगतो. प्रायमरच्या दोन पद्धती आहेत, बॉक्सर आणि बर्डन, दोन्ही 1866 च्या सुमाराच्या. बॉक्सर हे इंग्रज अधिकारी, बर्डन हे अमेरिकन. अमेरिकेनं बॉक्सरची पद्धत उचलली आणि युरोपनं बर्डनची. घरच्या माणसाची किंमत कुठंच नसते. आम्हां भरणाऱ्यांच्या दृष्टीनं मात्र बरं झालं, कारण बॉक्सरच्या केसला मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे जुना प्रायमर सुईनं एका ठोक्यात बाहेर येतो.)

2020 च्या मार्चमध्ये लोक संडासच्या कागदासाठी दुकानात धावले तेव्हा मी गालातल्या गालात हसलो. त्या बाबतीत आपण जन्मजात स्वावलंबी. पण कागद संपल्यावर तेच लोक बंदुकांच्या दुकानांकडे वळले. आधी साथ, मग शहराशहरांतली आंदोलनं, मग नोव्हेंबरची निवडणूक. बंदूक घेताना सरकार जी तपासणी करतं, तिचा त्या वर्षाचा आकडा 3 कोटी 90 लाखांच्या पुढे गेला. नव्या बंदुकीला काडतूस लागतं, काडतुसाला प्रायमर लागतो, आणि कंपन्या आपले प्रायमर आधी आपल्याच तयार काडतुसांत भरतात. आमच्या वाट्याला उरलंसुरलं. त्यातच जुलैत रेमिंग्टन कंपनीनं दिवाळं काढलं आणि तिचा काडतुसांचा धंदा सीसीआय आणि फेडरल या प्रायमरवाल्यांच्या मालक कंपनीनं घेतला. अमेरिकेत प्रायमर बनवणारी मोठी नावं चार, त्यांतली तीन एका छपराखाली. साहजिकच ‘गोदामात माल दडवलाय’ अशी आवई उठली. कंपनीच्या अधिकाऱ्यानं व्हिडिओवर येऊन कारखाने रात्रंदिवस चालू असल्याचं सांगितलं, तेव्हा तर लोकांची खात्रीच पटली. सीसीआयचा कारखाना आमच्याच राज्यात, लेविस्टनला, गाडीनं पाच-सहा तासांवर. त्या दिशेनं वारा आला की मी खोल श्वास घेत असे.

दुकानात फोन केला तर पलीकडून ‘‘हॅलो, प्रायमर नाहीत,’’ एवढं एका दमात येई. मी एकदा नुसती वेळ विचारायला फोन केला होता, तरी तेच उत्तर. मालाचा ट्रक येण्याच्या दिवशी उजाडायच्या आत दुकानापुढे रांग लागे. आता रांगेच्या बाबतीत मी सोलापूरचा आहे. रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून घरी जेवून यायचं शिक्षण माझं दहाव्या वर्षी पूर्ण झालं होतं. मी घडीची खुर्ची रांगेत ठेवली, तिच्यावर पिशवी ठेवली आणि गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायलो. परत येऊन बघतो तर रांग सरकली होती आणि मागच्या गृहस्थांनी माझी खुर्ची इमानेइतबारे उचलून पुढे ठेवली होती. सोलापुरात माझा डबा नेहमी मागे गेलेला असे. टंचाईत कसं वागायचं, याचं या देशाला काही वळणच नाही.

माणशी एक डबी, शंभर नग, तेही असले तर. एका दुकानात तर अट होती की हजार प्रायमर हवे असतील तर आधी बंदूक विकत घ्या. त्यांच्याकडे शिल्लक होतं ते पिस्तूल. मी विचारलं, ‘‘रिकाम्या केस किती लांब उडतात?’’

ऑनलाइनची तऱ्हा निराळी. मध्यरात्री माल आल्याची सूचना येई. मी क्रेडिट कार्डाचे आकडे घालेपर्यंत माल संपलेला असे. शिवाय प्रायमर म्हणजे धोकादायक माल, म्हणून टपालखर्चावर वीस-तीस डॉलरचा वेगळा आकार. तो शंभर नगांवर घालायचा तर जिवावर येतं, म्हणून तो वसूल करायला पाच हजार घ्यावेत असं मनात येतं. अशा शुद्ध काटकसरीतूनच माणूस कर्जबाजारी होतो.

बंदुकांच्या प्रदर्शनात टेबल मांडून बसलेले साठेबाज होते. हजाराला दीडशे डॉलर. मी मंडईतलं शास्त्र वापरलं. भाव ऐकून हसलो, डबी खाली ठेवली, पाठ फिरवली आणि ‘‘ओ साहेब, इकडे या, तुमचं काय म्हणणं आहे?’’ ही हाक येण्याची वाट बघत अगदी सावकाश चालू लागलो. हाक आली नाही. मी पार्किंगपर्यंत सावकाश चाललो.

आई दर रविवारी सोलापूरहून विचारायची, ‘‘मिळाल्या का रे तुझ्या टिकल्या?’’ माझी नेमबाजी तिनं नातेवाइकांत प्रतिष्ठेची करून ठेवलेली होती. त्याचं सगळं श्रेय कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांना. 2010 साली म्युनिकला त्या पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, तेव्हापासून आमच्याकडे बंदुकीला वजन आलं. ‘‘मग तिला गोळ्या मिळतात त्या तुला का मिळत नाहीत?’’ मी समजावलं की त्यांच्या .22 रायफलीच्या काडतुसात मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, वेगळा प्रायमर नसतो, त्यामुळे ते पुन्हा भरताही येत नाही. ‘‘म्हणजे एकदा वापरून टाकायचं?’’ आईनं विचारलं आणि क्षणभर आमचं दोघांचंही मन विषण्ण झालं. मग म्हणाली, ‘‘इथून पाठवू का? आता दिवाळी झालीये, स्वस्तात मिळतील.’’

शेवटी तारलं ते शेजाऱ्यानं. वय एकोणऐंशी. इथल्या रिवाजाप्रमाणे त्याला तोंडावर नावानं हाक मारावी लागते, पण मनात मी त्याला अण्णाच म्हणतो. अण्णा शरद ऋतूत एल्कच्या शिकारीला जातो, त्याच्याकडे मोठ्या रायफलीचे प्रायमर भरपूर, काही तर लाकडी खाचांच्या ट्रेमधले, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे. पण ते आकारानं मोठे, माझ्या उपयोगाचे नाहीत, आणि लहान रायफलीचेही चालत नाहीत. लहान रायफलीचा प्रायमर पिस्तुलाच्या प्रायमरएवढाच असतो, पण त्याची वाटी जाड असते, हलक्या घोड्याचा ठोका तिला लागत नाही, हे अण्णानं मला तासभर समजावलं. मला ते माहीत होतं, पण वडीलधाऱ्या माणसाला मध्येच तोडायचं कसं? फेब्रुवारी 2021 मध्ये अण्णाला कोरोनाच्या लशीची वेळ मिळेना. संकेतस्थळ उघडायचं आणि त्याला पासवर्ड आठवेपर्यंत वेळा संपायच्या. मध्यरात्री झटपट बोटं चालवण्यात मी तोवर तरबेज झालोच होतो. लशीची वेळ मिळवून दिली. दुसऱ्या दिवशी अण्णा दोन डब्या घेऊन दारात. स्मॉल पिस्टल, दोनशे नग. ‘‘उसने,’’ तो बोट वर करून म्हणाला. डबीवर जुनी किंमत चिकटवलेली होती, ती वाचून मला गलबलून आलं.

त्या रात्री मी प्रायमर ताटलीत ओतले. या ताटलीच्या तळाला बारीक रेघा असतात. हातात धरून हलक्यानं हलवली की पालथे पडलेले प्रायमर त्या रेघांना अडखळून एकेक करत उताणे होतात आणि चकचकीत पाठी खाली जाऊन सगळ्यांच्या ऐरणी वर दिसू लागतात. मग केसच्या बुडात एकेक दाबून बसवायचा आणि वरून बोट फिरवून बघायचं. किंचित खाली बसला तर ठीक. बोटाला कड लागली तर पुन्हा दाबायचा. दोनशे नगांवर मी इतकं बोट फिरवलं की हिनं विचारलं, ‘‘जपमाळ आहे का?’’

2023 पर्यंत माल पुन्हा फळीवर दिसू लागला, पण हजाराला सत्तर-ऐंशी डॉलर. मी घेतले. घरात दहा हजारांपर्यंत ठेवायला अग्निसुरक्षेच्या नियमांत मुभा आहे, हे मी हिला सांगितलं. तिनं विचारलं, ‘‘नवरे किती ठेवायची मुभा आहे?’’ साठवणीचा प्रश्न त्याहून नाजूक. आमच्या घराण्यात कुठलीही वस्तू मूळ पाकिटात राहत नाही. हिंग बोर्नव्हिटाच्या बरणीत, बोर्नव्हिटा बिस्किटांच्या डब्यात. प्रायमर मात्र मूळ खोक्यातून काढून बरणीत भरले तर तो बॉम्ब होतो, एक पेटला की सगळे पेटतात. म्हणून घरातली ही एकमेव वस्तू तिच्या स्वत:च्या खोक्यात आहे आणि तिच्यावरचं नावही खरं आहे.

अण्णाचे दोनशे परत करायला गेलो तेव्हा मी नम्रपणे दाखवून दिलं, की घेतले ते तीन सेंटहून स्वस्त होते आणि देतोय ते आठ सेंटचे. अण्णानं विचार केला आणि फरकापोटी फ्रीझरमधून एल्कच्या मांसाचं भलंमोठं पाकीट काढून दिलं. आम्ही शाकाहारी. ते मी दुकानातल्या पोराला दिलं आणि तेव्हापासून ट्रक आला की तो मला आपणहून फोन करतो. परवा मीटिंगमध्ये असताना वाजला. ‘‘हॅलो, प्रायमर आलेत. किती ठेवू?’’ मी भाव विचारला. त्यानं सांगितला. मी हसलो आणि फोन अगदी सावकाश कानापासून खाली घेऊ लागलो. पण त्यानं माझ्याआधीच ठेवला होता.