एकवीस दिवसांत मोठा माणूस: वऱ्हाडातल्या नवशिक्यांसाठी

साहित्य: गजराचा मोबाइल, कोरी डायरी, नवे बूट आणि आपली प्रगती पाहायला निदान चार माणसं.

१. पहाटे पाचला उठा. सुरुवात मे महिन्यात, शक्यतो अकोल्यात करा. पारा ४५ अंशांवर गेला की दहानंतर घराबाहेर पडवत नाही, म्हणून अख्खं गाव तसंही पहाटेच कामाला लागतं. ते नाइलाजानं उठतात. तुमची मात्र ती शिस्त.

२. फिरायला जा. अमरावतीकरांनी छत्री तलाव गाठावा. एक फेरी चालावी, दोन सांगाव्यात. परतताना गिला वडा आडवा येईल. नाही म्हणू नये. मन मारल्यानं आत्मविश्वास खचतो.

३. शरीर कमवा. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तिथली पोरं १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आली. त्यांना आधी घाम गाळावा लागला. तुम्हाला फाटकापाशी फोटो काढून भागतं.

४. ध्यान करा. त्यासाठी पैसे भरून ॲप घ्या. नागपूर रस्त्यावर मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात सामुदायिक ध्यान चालतं खरं. पण तिथं सगळ्यांसोबत बसावं लागतं, आणि गर्दीत आपला विकास उठून दिसत नाही.

५. आदर्श ठेवा. पंजाबराव देशमुख उत्तम. पापळच्या शेतकऱ्याचं पोर परदेशात डॉक्टरेट करतं, देशाचा कृषिमंत्री होतं. एवढी गोष्ट डायरीत लिहा. मधेच १९३२ साली त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढून बहुजनांच्या पोरांना शाळेची वाट दाखवली, तेवढं पान गाळा. व्यक्तिमत्त्व विकासात दुसऱ्याची पोरं येत नाहीत.

६. झाडू धरा. हा धडा ऐच्छिक आहे. शेणगावचे डेबूजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा, गावात शिरले की आधी झाडायला लागत, कीर्तन मागाहून. हल्ली भाषण आधी होतं, आणि झाडू फोटोपुरता येतो. नवशिक्यांनी हल्लीचाच क्रम पाळावा, त्यात कंबर दुखत नाही.

तरीही कुणाला जुन्या पद्धतीनं करून पाहायचंच असेल, तर स्वतःचं दार सोडून गल्लीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करावी. आधी बुजुर्ग विचारतील, "काऊन रे बाप्पा, कोनाचं लगन हाय का आज?" मग पोरं हसतील. थांबू नये. गल्ली संपेपर्यंत कुणाला काही सांगू नये, आणि संपल्यावर तर मुळीच नाही. एकवीस दिवस असंच चाललं, तर मोठा माणूस व्हायचं राहून जाण्याची दाट शक्यता आहे. गल्ली मात्र साफ होईल.