व्हॉल्व्हवाला

आमच्या सोसायटीत व्हॉल्व्हवाले दोन. एक सकाळी साडेसहाला येतो, टाकीचा व्हॉल्व्ह फिरवतो आणि तासाभराने बंद करून जातो. दुसरा नवव्या मजल्यावर राहतो. हा दुसरा एकदा लिफ्टमध्ये हळूच म्हणाला, "काका, व्हॉल्व्ह गेलाय वाटतं." मी घरी धावलो आणि दोन बादल्या, एक पिंप आणि कुकरसुद्धा भरून ठेवला. हिंजवडीत टँकरवर दिवस काढणारा माणूस दुसरं काय करणार?

त्याचा व्हॉल्व्ह काचेचा निघाला.

हिंजवडीच्या दर टॉवरमागे असा एक असतोच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी गिटार घेतलेली, शेवटच्या वर्षी बँड मोडलेला, आणि गृहकर्जाचा हप्ता अंगवळणी पडल्यावर व्हॉल्व्हचा अँप आणलेला. बायकोला "छोटासाच आहे" असं सांगून आणलेला हा अँप लिफ्टमधून वर न्यायला वॉचमनचा हात लागला होता. दिवसभर फेज टूमध्ये बसून कुठल्याशा परदेशी बँकेचं सॉफ्टवेअर का अडलं ते शोधायचं, आणि रात्री घरी येऊन हे.

"साध्या अँपमध्ये काय वाईट आहे रे?" असं त्याला विचारू नये. मी विचारलं.

"काका, जोर वाढला की ट्रान्झिस्टर आवाज कापतो. व्हॉल्व्ह आवाज वाकवतो."

मग इतिहास. त्याच्या अँपमधला १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह आरसीए कंपनीने सप्टेंबर १९४७ मध्ये बाजारात आणला आणि त्याच वर्षी डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. म्हणजे हळद उतरायच्या आत सवत दारात! रेडिओवाल्यांनी, टीव्हीवाल्यांनी थोरलीला माहेरी धाडलं. गिटारवाले तेवढे तिच्याशी एकनिष्ठ राहिले. मला आमच्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आठवला. सात पाचच्या प्रादेशिक बातम्यांसाठी तो सातलाच लावावा लागे; गरम झाल्याशिवाय बोलत नसे. वडीलही तसेच होते.

तर तक्रार अशी, की अँपचा आवाज बसला होता. मला नवल वाटलं, कारण आवाज उठलेला आम्ही कधी ऐकलाच नव्हता. अँपच्या बटणावर एक ते दहा आकडे आहेत. सोसायटीच्या नियमावलीमुळे हा गृहस्थ तोवर दीडच्या पुढे कधी गेला नव्हता.

"मग बसला हे कळलं कसं?"

"आधी दीडवर जेवढा यायचा, तेवढा आता अडीचवर येतो," तो म्हणाला. पोराचं वजन घटलं हे आईलाच कळतं, तसा सूर होता.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावरून ताटं हलली आणि अँप चढला. बायकोने विचारलं, "काय चाललंय?"

"सिग्नल कुठे अडकलाय ते बघतोय."

"भूमकर चौकात असेल," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

त्याची पद्धत मात्र शिस्तीची. आधी वायर बदलली, मग गिटार, मग पायाखालचे पेडल काढून गिटार थेट अँपला. स्पीकरची जोडणी पाहिली. स्पीकर सुटलेला असताना व्हॉल्व्हचा अँप वाजवला तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, म्हणे. मग मागची फळी उघडली. आत चारशे व्होल्ट, आणि प्लग काढला तरी कपॅसिटर ते पोटात धरून बसतात. म्हणून आत मीटर लावताना एक हात खिशात ठेवायचा. चुकून झटका बसलाच तर तो या हातातून त्या हातात छातीमार्गे जाऊ नये. नेमके तेव्हा सासरे आले होते. आपण दारात उभे आणि जावई एक हात खिशात घालून ऐटीत, हे त्यांनी पुढे बरेच दिवस लक्षात ठेवलं.

व्हॉल्व्ह एकेक करून बदलले. पेन्सिलीने टिचक्या मारून पाहिल्या. खराब व्हॉल्व्ह किणकिणतो. एकही किणकिणला नाही. तापकीर गल्लीत तीन शनिवार गेले. एका म्हाताऱ्या दुकानदाराने व्हॉल्व्हचं नाव ऐकून त्याला आत बोलावलं, चहा पाजला, जुन्या आठवणी सांगितल्या आणि व्हॉल्व्ह नाही म्हणून सांगितलं. हा तिथून फार समाधानाने परतला.

दोष सापडला तो चौथ्या आठवड्यात, आणि तोही जिथे त्याने कधी बोट लावलं नव्हतं तिथे. अँपच्या मागे दोन भोकं असतात, सेंड आणि रिटर्न. जादा यंत्र जोडायची सोय. याने काही जोडलं नव्हतं. पण भोक रिकामं असलं की सगळा आवाज रिटर्नमधल्या एका चिमुकल्या पत्तीवरून पुढे जातो. हिंजवडीचे पावसाळे खाऊन ती पत्ती गंजली होती. सेंडमधून रिटर्नमध्ये एक आखूड वायर टाकली आणि आवाज आला. मग प्लग दहा वेळा आत-बाहेर केला, साफसफाईचा फवारा मारला. खर्च जवळजवळ शून्य.

पुढच्या महिन्यात नवव्या मजल्याचं पाणी बारीक झालं. पंप बदलला, वरचा व्हॉल्व्ह बदलला, मीटिंगमध्ये दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. हा कोपऱ्यातून म्हणाला, "पाणी जातं पण कुणी हात लावत नाही, अशी जागा कुठली?" प्लंबर पार्किंगमध्ये गेला. जुन्या लाइनवर पाणी मागे फिरू न देणारी एक झडप गंजून अर्धी मिटली होती. पान्याचे चार ठोके बसले आणि नवव्या मजल्यावर बादली भरली.

सेक्रेटरींनी विचारलं, "काय देऊ तुला?"

"रविवारी पाच मिनिटं. चारवर."

परवानगी लेखी मिळाली. रविवारी सगळा टॉवर गॅलरीत. पहिलं मिनिट अँप गरम होण्यात गेलं. मग त्याने तार छेडली आणि तो आवाज खरोखर वाकला. वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला. चौथ्या मिनिटाला हा थांबला, कान टवकारले.

"काका, मागे बारीक घरघर येतेय ना?"

मला काही येत नव्हती. पण त्याचा एक हात आधीच खिशात गेला होता.