दहापैकी किती?

गुडघा बदललेल्या माणसाला नर्स येता-जाता एकच प्रश्न विचारते, "आंटी, दर्द कितना है? ज़ीरो से दस?" आमच्या हिनं हयातभर गणित शिकवलंय. पैकीच्या पैकी तिनं देवालाही दिले नसते. पहिल्या दिवशी नसेजवळच्या इंजेक्शनमुळे पाय बधिर होता, तेव्हा स्वारी खुशीत होती. त्याचा अंमल उतरला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, तरी बाई म्हणतात, "चार." मग गोळीही चार मार्कांचीच आली.

फरीदाबादला घरी आणल्यावर अख्खा सेक्टर समाचाराला लोटला. समोरच्या भाभीजी गोंदाचे लाडू देऊन, वर सरसों के तेल की मालिश सुचवून गेल्या. पुण्याहून नणंदबाईंचा फोन, "वहिनी, गोळ्यांची सवय लागते हं. सोसायचं थोडं!" अटलजींचा दाखला तर प्रत्येकाच्या खिशात. 2000 साली डावा गुडघा, 2001 साली उजवा. ब्रीच कँडी, डॉक्टर चित्तरंजन राणावत. आणि देश चाललाच की! रात्री दोन वाजता अटलजी काय म्हणत होते, ते मात्र कुणी सांगत नाही.

शहाणा निघाला तो फिजिओथेरपीवाला हरियाणवी पोरगा. "ताई, नब्बे डिग्री तो करणा पड़ेगा!"

"काटकोन तू मला शिकवतोस?" ही कडाडली. मराठीतून. त्याला बरोबर कळलं.

त्यानंच मला कामाला लावलं. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी घड्याळ बघून द्यायची, कण्हणं ऐकून नाही. व्यायामाआधीची अर्धा-पाऊण तास आधी. दुखणं एकदा चढलं की लवकर उतरत नाही, मग व्यायाम बुडतो आणि गुडघा आखडतो. उशी टाचेखाली, गुडघ्याखाली बरं वाटतं, पण पाय वाकडाच राहतो. बर्फ पंधरा-वीस मिनिटं, फडक्यात गुंडाळून. थंडीत स्वस्त झालेले मटार सोलून फ्रीझरमध्ये भरलेले होते, ती पिशवी गुडघ्यावर फिट्ट बसली. "अहो, हे मटार पुलावात घालाल, खबरदार!" एवढा आवाज चढला तेव्हा औषध लागू पडल्याची माझी खात्री पटली.

तेव्हा मंडळी, सोशिकपणाला मार्क नाहीत. आठ दुखत असेल तर आठच सांगा. मनानं जास्तीची गोळी घेऊ नका, किडनीवर बेतते. आणि पोटरी सुजली, ताप आला किंवा धाप लागली, तर आकडेमोड सोडा आणि आधी डॉक्टरांना फोन करा.